ती प्लेट टाकून देऊ नका

शेवगावकडचे एक शेतकरी. वय ५२. आतड्याला छिद्र पडल्याने तातडीने शस्त्रक्रिया झाली, ती चांगली झाली. चार दिवस अतिदक्षता विभागात काढावे लागले, मग जखम भरेना म्हणून आणखी काही दिवस. मानेतल्या शिरेत नळी, लघवीला नळी, दोन-तीन जबरदस्त प्रतिजैविके, तोंडाने अन्न बंद. दोन आठवडे होत आले आणि उतरलेला ताप पुन्हा चढला. रक्ताचे कल्चर पाठवले. तिसऱ्या दिवशी लॅबमधून फोन आला, "सर, यीस्ट आलंय." रिपोर्टवरही तेवढेच दोन शब्द होते, "यीस्ट ग्रोन".

मला सल्ल्यासाठी बोलावले तेव्हा फ्लुकोनाझोल सुरू होऊन चार दिवस झाले होते. ताप हटत नव्हता, रक्तदाब घसरू लागला होता. मी लॅबला विचारले, कोणते यीस्ट आहे? फ्लुकोनाझोलला दाद देते का? पलीकडून उत्तर आले, "सर, प्लेट तर टाकून दिली. रिपोर्ट गेल्यावर आम्ही ठेवत नाही."

आम्ही औषध बदलले, नवे रक्त घेतले, ते पुण्याला पाठवले. सहाव्या दिवशी रिपोर्ट आला. बुरशीचे नाव होते कॅन्डिडा क्रुसेई. या बुरशीवर फ्लुकोनाझोल मुळातच चालत नाही. रिपोर्ट आला त्याच्या दोन दिवस आधी रुग्ण गेला होता.

त्यांचा मुलगा नंतर मला भेटायला आला. त्याने एकच प्रश्न विचारला, "डॉक्टर, औषध आधीच बदललं असतं तर आमचे दादा वाचले असते का?" मी त्याला खरे ते सांगितले, की ते मला ठाऊक नाही. आजार मोठा होता, शरीर थकलेले होते. पण पहिले चार दिवस जे औषध त्यांच्या शिरेतून जात होते, त्याचा त्या बुरशीला काहीही उपद्रव नव्हता, एवढे मात्र नक्की. आपल्याकडे म्हण आहे, रोग हाल्याला आणि औषध पखालीला. तसेच झाले.

त्या लॅबचे नाव मी सांगणार नाही. दोष तिचा एकटीचा नाही. आम्ही डॉक्टर कधी विचारत नाही, म्हणून लॅब करत नाही. लॅब करत नाही, म्हणून आम्ही विचारत नाही. हे चक्र कुठेतरी तुटले पाहिजे, म्हणून आजचा हा लेखप्रपंच.

यीस्ट म्हणजे काय?

बुरशी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शिळ्या भाकरीवरचा हिरवा-काळा लोकर असलेला थर येतो. ती तंतूंची बुरशी. यीस्ट ही एकपेशीय बुरशी. पाव फुगवणारे यीस्ट याच जातकुळीचे. माणसाच्या तोंडात, आतड्यात, योनिमार्गात आणि त्वचेवर कॅन्डिडा नावाचे यीस्ट थोड्याफार प्रमाणात वस्तीला असतेच. घरातल्या शांत भाडेकरूसारखे ते राहते. मधुमेह बळावला, प्रतिजैविकांनी शेजारचे जीवाणू मारले, रोगप्रतिकारशक्ती घटली, नऊ महिन्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला शिरेतून पोषण द्यावे लागले किंवा शिरेत नळी बरेच दिवस राहिली, की हा भाडेकरू घरमालक होऊ पाहतो. तोंडातला पांढरा थर, बाईच्या अंगावरून दह्यासारखे जाणे व खाज, ही त्याची सौम्य रूपे. रक्तात शिरणे हे त्याचे जीवघेणे रूप.

इथे एक गैरसमज दूर करू. मांडीतला गजकर्ण किंवा नायटा हा यीस्टचा आजार नाही. ती वेगळी बुरशी. तिच्यावर मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेले मलम घेऊन लावणे हा वेगळा अपराध आहे आणि त्यावर वेगळा लेख लिहावा लागेल. २०२१ मध्ये करोनानंतर ज्या काळ्या बुरशीने अनेकांचे डोळे आणि जबडे घेतले, तीही यीस्ट नव्हे. पण त्या साथीने एक गोष्ट शिकवली. ॲम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी नातेवाईक या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात धावले. बुरशीवरची औषधे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि ती संपली तर दुसरे काही नाही, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिले.

औषधे इतकी कमी का?

जीवाणूची पेशी आपल्या पेशीहून फार निराळी असते, त्यामुळे तिला मारणारी आणि आपल्याला न मारणारी औषधे शोधणे तुलनेने सोपे गेले. बुरशीची पेशी मात्र आपल्या पेशीची दूरची नातेवाईक आहे. तिला मारायला जावे तर आपलीच मूत्रपिंडे दुखावतात. म्हणून रक्तातल्या यीस्टवर आजही मुख्यतः तीनच घराण्यांवर भिस्त आहे. पहिले ॲझोल घराणे, म्हणजे फ्लुकोनाझोल, व्होरिकोनाझोल वगैरे. ही बुरशीच्या आवरणातला अर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ तयार होऊ देत नाहीत. दुसरे ॲम्फोटेरिसिन, हे त्याच अर्गोस्टेरॉलला चिकटून पेशी निकामी करते. तिसरे कॅस्पोफंगिन, मायकाफंगिन यांचे घराणे. ही बुरशीची बाहेरची भिंत बांधू देत नाहीत. ही शेवटची औषधे फक्त शिरेतून द्यावी लागतात आणि एकेका कुपीला हजारो रुपये मोजावे लागतात. फ्लुकोनाझोलची गोळी मात्र स्वस्त, तोंडाने घेण्यासारखी. साहजिकच सगळ्यांचा हात आधी तिच्याकडे जातो.

या क्षेत्रात महाराष्ट्राचे योगदान आहे, हे थोड्यांनाच माहीत असते. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. तिथे डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधले. त्या सूक्ष्मजीवाचे शास्त्रीय नावच पिंपरीवरून ठेवले गेले, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. नगरपासून तीन-चार तासांच्या अंतरावर बुरशीवरचे औषध जन्मले. आणि त्यानंतर साठ वर्षांनी आपण बुरशीचे नाव न विचारता औषध देतो आहोत.

नाव का महत्त्वाचे?

पूर्वी कॅन्डिडा म्हणजे कॅन्डिडा अल्बिकन्स असेच धरून चालत, आणि अल्बिकन्स बहुधा फ्लुकोनाझोलला दाद देते. म्हणून नाव न विचारता गोळी दिली तरी निभावून जात असे. आता दिवस बदलले आहेत. ट्रॉपिकॅलिस, पॅराप्सिलोसिस, ग्लॅब्राटा, क्रुसेई, ऑरिस अशी भावंडे पुढे आली आहेत आणि प्रत्येकीचा स्वभाव निराळा. क्रुसेई फ्लुकोनाझोलला जन्मतःच दाद देत नाही. ग्लॅब्राटाला जास्त मात्रा लागते आणि कधी तीही पुरत नाही. ऑरिसचे बहुतेक वाण फ्लुकोनाझोलला जुमानत नाहीत. (ग्लॅब्राटा आणि क्रुसेई यांची शास्त्रीय नावे अलीकडे बदलली आहेत. रिपोर्टवर नाकासिओमायसेस ग्लॅब्रेटस किंवा पिकिया कुद्रियावझेवी असे दिसले तर बिचकू नका, ती हीच मंडळी.)

हे दिल्ली-मुंबईचे प्रश्न, आपल्याकडे कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. राहाता तालुक्यातल्या लोणीच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयातील सूक्ष्मजीवशास्त्र विभागाने २०१३-१४ च्या सुमारास रुग्णांच्या नमुन्यांतून मिळालेल्या कॅन्डिडाचा अभ्यास करून तो प्रसिद्ध केला. एकट्या २०१४ च्या एका शोधनिबंधात पाचशेहून अधिक वाण तपासले होते. निष्कर्ष असा, की अल्बिकन्सपेक्षा इतर भावंडांचीच संख्या जास्त, त्यांत ट्रॉपिकॅलिस आघाडीवर, आणि फ्लुकोनाझोलला दाद न देण्याचे प्रमाणही या इतरांत अधिक. म्हणजे आपल्या ग्रामीण रुग्णांच्या अंगातली बुरशी कशी आहे हे आपल्याच जिल्ह्यातल्या लोकांनी दहा-बारा वर्षांपूर्वी छापून ठेवले आहे. ते वाचून आपण वागणे बदलले का, हा खरा प्रश्न.

देशाचे चित्रही असेच आहे. भारतातल्या २७ अतिदक्षता विभागांत २०११-१२ मध्ये एक मोठी पाहणी झाली. तिथे दाखल झाल्यानंतर रक्तात कॅन्डिडा शिरलेल्या १,४०० रुग्णांची नोंद तिच्यात आहे. दर १,००० दाखल रुग्णांमागे साधारण साडेसहा जणांना हा संसर्ग झाला. सर्वांत जास्त आढळली ती ट्रॉपिकॅलिस, ४१.६ टक्के. ॲझोल औषधांना दाद न देणाऱ्या वाणांचे प्रमाण ११.८ टक्के होते. आणि तीस दिवसांच्या आत दगावलेले रुग्ण ४४.७ टक्के. हे सगळे मृत्यू बुरशीनेच झाले असे नाही, मूळचे आजारही गंभीर होते. तरी दर शंभरातले बारा वाण नेहमीच्या औषधाला दाद देत नसतील, तर चाचणी न करता दिलेले औषध म्हणजे अंधारात मारलेला दगड.

ऑरिसची कथा तर सावध करणारी. २००९ मध्ये जपानमध्ये एका वृद्ध बाईच्या कानातून ती प्रथम ओळखली गेली, म्हणून तिचे नाव ऑरिस, म्हणजे कानाची. २०१३ मध्ये दिल्लीच्या रुग्णालयांतल्या रक्तातील संसर्गाचे वृत्त प्रसिद्ध झाले. इतर कॅन्डिडा बहुतेक वेळा रुग्णाच्या स्वतःच्या अंगातून येते. ही मात्र खाटेच्या दांड्यावर, बीपीच्या पट्ट्यावर आठवडेच्या आठवडे टिकते आणि एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाते. काही यंत्रे तिला कॅन्डिडा हिमुलोनी असे चुकीचे नाव देत असत. म्हणजे नाव चुकले की एकाच रुग्णाचे नव्हे, शेजारच्या खाटांचेही नुकसान. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये धोकादायक बुरशींची पहिली यादी काढली. तिच्यात १९ बुरशी आहेत आणि सर्वांत गंभीर गटातल्या चारांपैकी तीन यीस्ट आहेत: ऑरिस, अल्बिकन्स आणि मेंदूच्या आवरणाला सूज आणणारी क्रिप्टोकॉकस.

चाचणी होते कशी?

जीवाणूंची चाचणी आपल्याकडे तालुक्याच्या लॅबमध्येही होते. प्लेटवर जीवाणू पसरवायचे, औषधाच्या टिकल्या ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी टिकलीभोवतीची मोकळी जागा मोजायची. जागा मोठी तर औषध चालते, लहान तर चालत नाही. जीवाणूंसाठी ही रीत १९६६ पासून पक्की झाली आहे. यीस्टसाठी मात्र अमेरिकेतल्या मानक ठरवणाऱ्या संस्थेने प्रस्तावित पद्धत काढली ती १९९२ मध्ये आणि मान्यता दिली १९९७ मध्ये. टिकल्यांची पद्धत आली २००४ मध्ये. तेव्हा आपल्या जुन्या डॉक्टरांना कॉलेजात हे शिकवले गेले नाही, यात नवल नाही.

मूळ पद्धत अशी. एका पट्टीत ९६ छोट्या वाट्या असतात. त्यांत औषधाची मात्रा एकेक वाटीला निम्मी निम्मी करत जातात आणि प्रत्येक वाटीत मोजून यीस्ट घालतात. ३५ अंश सेल्सियसला एक दिवस ठेवतात. ज्या सर्वांत कमी मात्रेत यीस्टची वाढ ठळकपणे रोखली जाते, ती किमान रोधक मात्रा. अल्बिकन्ससाठी फ्लुकोनाझोलची ही मात्रा मिलिलिटरला २ मायक्रोग्रॅम किंवा कमी असेल तर औषध चालते, ८ किंवा जास्त असेल तर चालत नाही. मधला ४ चा आकडा म्हणजे मात्रा वाढवली तर चालेल. रिपोर्टवर हा मधला शेरा आला तर त्याचा अर्थ औषध बाद झाले असा नव्हे. डॉक्टरांनी डोस नीट ठरवावा असा आहे.

ही वाट्यांची पद्धत प्रत्येक लॅबला झेपणारी नाही, हे मान्य. पण टिकल्यांची पद्धत झेपते. जीवाणूंसाठी वापरतात तेच म्युलर-हिंटन अगार, त्यात २ टक्के ग्लुकोज आणि किंचित मिथिलिन ब्ल्यू. फ्लुकोनाझोलची २५ मायक्रोग्रॅमची टिकली. ३५ अंशाला २० ते २४ तास. मोकळी जागा १७ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर चालते, १३ किंवा कमी असेल तर चालत नाही. हे आकडे अल्बिकन्स, ट्रॉपिकॅलिस आणि पॅराप्सिलोसिससाठी आहेत, सगळ्या भावंडांना सरसकट लावायचे नाहीत. म्हणूनच नाव आधी आणि टिकली नंतर. क्रुसेई निघाली तर फ्लुकोनाझोलची टिकली ठेवण्याचीही गरज नाही. सरळ लिहावे, चालणार नाही. आणि एक अट: दर वेळी ठरलेल्या संदर्भ वाणावर चाचणी करून आपले अगार व टिकल्या बरोबर आहेत ना, हे पडताळले पाहिजे. तराजूच खोटा असेल तर वजनाला काय अर्थ?

नाव ओळखायला तरी किती खर्च? यीस्ट थोड्या सीरममध्ये घालून ३७ अंशाला दोन-तीन तास ठेवले की अल्बिकन्सला कोंबासारखी नळी फुटते. ही चाचणी जवळजवळ फुकट आहे. रंगीत अगारवर अल्बिकन्स हिरवी उगवते, ट्रॉपिकॅलिस निळी, क्रुसेई गुलाबी आणि खरखरीत. असे अगार आपल्या देशात तयार होते. एक-दोन दिवसांत डोळ्यांनी दिसणारे उत्तर मिळते. पूर्ण उत्तर नव्हे, पण "यीस्ट ग्रोन" या दोन शब्दांपेक्षा शंभर पटींनी चांगले.

सगळ्यांचीच चाचणी नको

आता दुसरी बाजू. हा लेख वाचून उद्यापासून प्रत्येक यीस्टची चाचणी मागायला लागाल तर ती नवी चूक होईल. लघवीला नळी घातलेल्या रुग्णाच्या लघवीत "यीस्ट सेल्स सीन" असे आले, रुग्णाला ताप नाही, त्रास नाही, तर बहुतेक वेळा औषध नको, नळी काढली किंवा बदलली की काम होते. थुंकीत कॅन्डिडा सापडली म्हणजे न्यूमोनिया कॅन्डिडाचा, असेही नाही. ती बहुधा तोंडातली पाहुणी असते. अशा रिपोर्टांवर उपचार करणे म्हणजे कागदावर उपचार करणे. त्यातूनच दाद न देणारे वाण वाढतात.

चाचणी हवी ती कुठे? रक्त, पाठीच्या मणक्यातले पाणी, पोटातला पू अशा एरवी निर्जंतुक असणाऱ्या जागी यीस्ट आले तर प्रत्येक वेळी. आणि अंगावरून जाण्याचा त्रास वर्षात तीन-चार वेळा उलटला तर.

या दुसऱ्या बाबतीत माझी स्वतःची चूक सांगतो. नेवाशाकडच्या एका मधुमेही बाईंना मी आठ महिन्यांत चार वेळा १५० मिलिग्रॅम फ्लुकोनाझोल दिले. दर वेळी चार दिवस बरे वाटे, पुन्हा तेच. त्या संकोचाने बोलत नसत, नवऱ्यासमोर तर नाहीच. पाचव्या वेळी मला सुचले की कल्चर करावे. ग्लॅब्राटा निघाली. औषध बदलले, त्याआधी साखर आटोक्यात आणली, आणि त्रास गेला. चार वेळच्या गोळ्यांचे पैसे आणि आठ महिन्यांची घुसमट एका चाचणीने वाचली असती. ती मी मागितली नाही.

मधुमेही वाचकांनी आणखी एक लक्षात ठेवावे. साखरेच्या ग्लिमेपिराइड, ग्लिपिझाइडसारख्या गोळ्यांबरोबर फ्लुकोनाझोल घेतले तर साखर एकदम उतरू शकते. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढतो. गरोदरपणात ही गोळी मनाने घेऊ नये. मेडिकलवाल्याकडून "ती खाजेची गोळी द्या" म्हणून आणण्याचे हे औषध नाही.

चाचणी म्हणजे ब्रह्मवाक्यही नव्हे. या विषयातले जाणकार एक ढोबळ हिशेब सांगतात. चाचणीत औषध चालते असे आले तर शंभरातले नव्वद रुग्ण सुधारतात. चालत नाही असे आले तरी साठेक सुधारतात, कारण शरीरही लढत असते. म्हणजे चाचणी नशीब सांगत नाही. पण नव्वद आणि साठ यांत तीस माणसांचे अंतर आहे. ते तीस जण कोणाचे तरी दादा, कोणाची तरी आई असतात.

शेतातली कोनाझोल

आपला जिल्हा शेतीचा, म्हणून एक मुद्दा वेगळा. द्राक्षे, डाळिंब, कांदा यांवर जी हेक्झाकोनाझोल, टेब्युकोनाझोल, प्रोपिकोनाझोल फवारली जातात, ती औषधे फ्लुकोनाझोलच्याच घराण्यातली. नावाच्या शेवटचे अक्षर पाहा. ॲस्परजिलस नावाच्या तंतूच्या बुरशीत शेतातल्या फवारणीमुळे माणसाच्या औषधाला दाद न देण्याचा गुण आल्याचे जगात आढळले आहे. यीस्टच्या बाबतीत अजून शोध चालू आहे. शेतकऱ्याने फवारणी बंद करावी असे मी म्हणत नाही. पीक गेले तर घर जाते. पण शिफारशीपेक्षा जास्त मात्रा आणि दर आठवड्याला तेच औषध, हे पिकालाही घातक आणि माणसालाही. औषधे आलटून पालटून वापरा, हे कृषी खाते सांगतेच. त्यामागे हेही एक कारण धरा.

काय करता येईल?

क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला हा सर्वांत मोठा जिल्हा. अकोल्यापासून जामखेडपर्यंत चौदा तालुके. प्रत्येक तालुक्यात बुरशीची अद्ययावत लॅब होणार नाही, व्हायलाही नको. माझे म्हणणे पाच गोष्टींपुरते आहे.

एक, रक्तात किंवा निर्जंतुक जागी यीस्ट आले तर ते किमान एक महिना टाकू नका. सॅबुरॉड अगारच्या एका नळीत ते साध्या तापमानाला आठवडेच्या आठवडे जिवंत राहते. याला खर्च एका नळीचा आणि एका चिठ्ठीचा.

दोन, तालुक्याच्या लॅबने निदान अल्बिकन्स की इतर, एवढे तरी लिहावे. "यीस्ट ग्रोन" हा रिपोर्ट नव्हे, ती अर्धवट बातमी आहे.

तीन, जिल्ह्यात एक-दोन ठिकाणे ठरवा, जिथे नाव आणि औषधाची चाचणी दोन्ही होतील. वैद्यकीय महाविद्यालयांकडे माणसे आणि ज्ञान आहे, हे लोणीच्या अभ्यासाने दाखवले आहे. जिल्हा रुग्णालय, खासगी दवाखाने आणि महाविद्यालय यांच्यात यीस्टची नळी नियमाप्रमाणे तिहेरी वेष्टनात नेण्याची सोय झाली, तर पुण्याची वाट पाहावी लागणार नाही. नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षासाठी तर हे आधी व्हावे. तिथे एकेक दिवस मोलाचा असतो.

चार, वर्षातून एकदा जिल्ह्यात किती यीस्ट आली, कोणती आली, कोणत्या औषधाला दाद दिली, याचा एक पानी तक्ता सर्व डॉक्टरांना मिळावा. देशपातळीवर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद असा अहवाल काढते. पण दिल्ली-चंदीगडच्या आकड्यांवरून शेवगावच्या रुग्णाला औषध देणे म्हणजे मुंबईच्या पावसावरून पाथर्डीत पेरणी करण्यासारखे आहे.

पाच, डॉक्टरांनी विचारावे. लॅब मागणीवर चालते. उद्या दहा डॉक्टरांनी "नाव सांगा" म्हटले तर परवा लॅब नाव सांगू लागेल. हे मी आधी मला स्वतःला सांगतो आहे.

लॅबचालक म्हणतील, महिन्याला एखाददुसरे यीस्ट येते, त्यासाठी टिकल्या आणून ठेवल्या तर मुदत संपून जातात. खरे आहे. म्हणूनच मी प्रत्येक लॅबला टिकल्या ठेवा म्हणत नाही, प्लेट ठेवा म्हणतो. बाकीचे काम एका ठिकाणी होऊ शकते.

वाचकांसाठी शेवटचे दोन शब्द. आपला माणूस आयसीयूत आहे आणि रक्तात बुरशी सापडली असे कळले, तर घाबरून जाऊ नका आणि डॉक्टरांशी वादही घालू नका. शांतपणे दोन प्रश्न विचारा: "डॉक्टर, बुरशीचं नाव कळलं का? औषध तिला चालतं का, हे तपासायला पाठवलंय का?" हे विचारण्यात उद्धटपणा नाही. मला कोणी असे विचारले तर मी त्याचे आभार मानीन.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मी आजही देऊ शकत नाही. पण पुढच्या वेळी कोणी तोच प्रश्न विचारला, तर निदान "आम्ही तपासलं होतं" एवढे तरी म्हणता यावे.